प्रायमर ते मॅग्नेटो : सेसना १७२ वर शिकणाऱ्यांसाठी

ज्यांनी थंडीच्या दिवसांत जुन्या स्कूटरला चोक ओढून किक मारल्या आहेत, त्यांना गार इंजिनाचा हट्टीपणा नव्याने सांगण्याची गरज नाही. छोट्या विमानाचे पिस्टन इंजिनही त्याच जातीचे असते. फरक एवढाच, की स्कूटर सुरू होताना घाईघाईत केलेली चूक फार तर प्लग काढून पुसायला लावते. विमानात तीच चूक दहा मिनिटांनी, धावपट्टीच्या तोंडाशी उभे असताना, वेगळ्याच रूपात समोर येते आणि तेव्हा तिचे मूळ पटकन सापडत नाही. म्हणूनच प्रायमिंग (सुरू करण्याआधी इंजिनाला थोडे जादा इंधन देणे) आणि मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारे यंत्र) तपासणी या चेकलिस्टच्या दोन वेगवेगळ्या पानांवरच्या गोष्टी मी येथे एकत्र घेतल्या आहेत.

उदाहरणासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली सेसना १७२ एन घेऊ. तिच्यात लायकमिंगचे ओ-३२० जातीचे, चार सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन असते. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांत १५२, १७२ आर आणि १७२ एस हीही विमाने दिसतात. त्यांतले महत्त्वाचे फरक ओघात सांगेन. मात्र तुमच्या विमानाच्या हँडबुकात आकडा वेगळा असेल, तर तोच खरा मानायचा, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

प्रायमिंग

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरमधून हवा जोरात वाहते आणि इंधनाचे बारीक तुषार करून ते सिलिंडरकडे नेते. स्टार्टर मात्र प्रॉपेलर सावकाश फिरवतो, त्यामुळे हवेला तो जोर नसतो, धातू गार असतो आणि जे थोडे इंधन निघते, तेही नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसते. प्रायमर हा या अडचणीवरचा साधा उपाय आहे. डॅशबोर्डावरची ती छोटी मूठ म्हणजे एक हातपंप असतो. तो इंधनाच्या गाळणीतून पेट्रोल ओढतो आणि सिलिंडरच्या इनटेकच्या तोंडाशीच फवारतो. स्कूटरचा चोक हवा कमी करून मिश्रण दाट करतो, तर प्रायमर जादा इंधन घालून. हा भेद लक्षात ठेवला, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

किती स्ट्रोक द्यायचे, हा प्रत्येक नवख्याचा पहिला प्रश्न असतो. १७२ एन चे हँडबुक गार इंजिनासाठी २ ते ६ स्ट्रोक सांगते आणि इंजिन गरम असेल, तर एकही नको म्हणते. २ आणि ६ यांच्यातले अंतर बरेच मोठे आहे आणि ते हवामान पाहून भरायचे असते. नागपूरकडे जानेवारीच्या सकाळी पारा १०-१२ अंशांवर असताना मी तीन किंवा चार देतो. मे महिन्याच्या दुपारी, तासाभरापूर्वीच उतरलेल्या विमानाला, मूठ हातही न लावता तशीच राहू देतो. विद्यार्थ्यांचा कल मात्र नेमका उलटा असतो : एकदा इंजिन लागले नाही, की पुढच्या वेळी खात्रीसाठी दोन जास्तीचे मारायचे. ही सवय वेळीच मोडा.

आता प्रत्यक्ष कृती. ब्रेक पक्के धरलेले, इंधनाचा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) बंद आणि मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचे ते ठरवणारी मूठ) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनावर, एवढे आधी पाहून घ्या. मग प्रायमरची मूठ फिरवून तिची खीळ खाचेसमोर आणा आणि मूठ सावकाश बाहेर ओढा. ओढल्याबरोबर आत ढकलू नका. पंपात पेट्रोल भरायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यानंतर एका दमात, दाबून आत ढकला. या क्षणी हाताला काय जाणवते, याकडे लक्ष द्या. पंप पेट्रोलाने भरलेला असेल, तर मूठ जड लागते, पिचकारी दाबताना लागते तशी. ती रिकामी, हलकी सरकली, तर तुम्ही हवा ढकललेली असते आणि तो स्ट्रोक मोजायचा नसतो. सलग दोन-तीन स्ट्रोक असेच गेले, तर आणखी मारत बसण्याऐवजी सिलेक्टर खरोखर उघडा आहे का, ते पाहा.

हवे तेवढे स्ट्रोक झाले, की मूठ पूर्ण आत दाबायची, फिरवून कुलूप लावायचे आणि मग ती पुन्हा एकदा बाहेर ओढून पाहायची. बाहेर आली नाही, तरच ती लागली असे समजायचे. या शेवटच्या ओढण्याला वेळ लागत नाही, तरी मी त्यावर हटून बसतो. त्याचे कारण पुढे येईल.

थ्रॉटल साधारण तीन मिलिमीटर उघडा ठेवा, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि बीकन (लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा) चालू करा, डावी-उजवीकडे खरोखर मान वळवून पाहा आणि खिडकीतून ‘क्लिअर प्रॉप’ असे मोठ्याने म्हणा. म्हटल्यानंतर दोन सेकंद थांबा. अनेक जण घोषणा आणि चावी एकाच श्वासात उरकतात. मग ती घोषणा ऐकून बाजूला होण्याइतका वेळ कोणालाच मिळत नाही. स्टार्टर एका वेळी फार तर दहा सेकंद चालवावा आणि मग त्याला विश्रांती द्यावी. १७२ एस चे हँडबुक दहा सेकंद फिरवून वीस सेकंद थांबण्यास सांगते आणि असे तीनदा झाल्यावर दहा मिनिटे थंड होऊ द्यायला लावते. हा हिशोब जुन्या विमानालाही मानवतो.

इंजिन लागले नाही, तर ते कोणत्या तऱ्हेने लागले नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे. ते अजिबात धडकले नाही, नुसता प्रॉपेलर गरगरत राहिला, तर बहुधा इंधन कमी पडले आहे आणि आणखी एक-दोन स्ट्रोक चालतील. उलट ते अधूनमधून एखादा ठोका देऊन थांबत असेल आणि एक्झॉस्टमधून काळ्या धुराचे झोत निघत असतील, तर इंधन जास्त झाले आहे. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘ओव्हर’ झाली आहे. अशा वेळी प्रायमरला हात लावायचा नाही. मिक्श्चर आयडल कट-ऑफवर, म्हणजे इंधन पूर्ण बंद होईल तेथवर, ओढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टरने इंजिनाला काही फेरे द्या, म्हणजे साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून, पण प्रायमिंग न करता सुरू करायचे.

थ्रॉटल पुढे-मागे पंप करून इंजिन लावण्याची युक्ती तुम्हाला कोणी ना कोणी शिकवेलच. बऱ्याच कार्ब्युरेटरांत त्यासाठी छोटा ॲक्सिलरेटर पंप असतोही. परंतु या इंजिनांचा कार्ब्युरेटर खाली टांगलेला असतो आणि इंधन त्यातून वर ओढले जाते. प्रॉपेलर फिरत नसताना पंप केलेले पेट्रोल वर न जाता खाली हवेच्या पेटीत ठिबकते आणि इंजिनाने उलटा भडका मारला, तर तेथेच पेट घेते. तसे झालेच, तर घाबरून चावी बंद करू नका. स्टार्टर फिरवत राहा, म्हणजे ज्वाळा आणि साचलेले पेट्रोल इंजिनात ओढले जाईल; तरीही इंजिन लागले नाही, तर मिक्श्चर कट-ऑफ आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून फिरवणे चालू ठेवायचे. हा क्रम हँडबुकाच्या आणीबाणीच्या पानावर आहे आणि तो पाठ असला पाहिजे, कारण त्या वेळी पान उलटायला सवड मिळत नाही.

१७२ आर आणि एस यांत कार्ब्युरेटर नसून फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे हातपंपाची मूठच नसते. तेथे ऑक्झिलरी पंप चालू करून मिक्श्चर पुढे सारतात, फ्युएल फ्लोचा काटा हलून स्थिर होईपर्यंत, म्हणजे तीन ते पाच सेकंद, थांबतात आणि मिक्श्चर मागे घेऊन पंप बंद करतात. मग स्टार्टर फिरवायचा आणि इंजिन धडकताच मिक्श्चर हळूहळू रिचकडे न्यायचे.

इंजिन लागल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरवर. साध्या हवामानात तीस सेकंदांत काटा हलला नाही, तर इंजिन बंद करायचे, त्यावर चर्चा नाही. आर.पी.एम. हजाराच्या आसपास ठेवा आणि टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, मिक्श्चर थोडे लीन (इंधन कमी) करा. बरेच विद्यार्थी ही शेवटची गोष्ट विसरतात किंवा त्यांना कोणी सांगितलेलीच नसते. आपण वापरतो ते निळसर ॲव्हगॅस १०० एलएल नावाने कमी शिशाचे असले, तरी शिसे त्यात असतेच. इंजिन मंद गतीवर, रिच मिश्रणावर दहा-पंधरा मिनिटे कुरकुरत राहिले, की स्पार्क प्लग पुरेसे तापत नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन आणि शिशाचे खडे धरतात. स्कूटरवाले ज्याला ‘प्लगमध्ये कचरा आला’ म्हणतात, तेच हे.

मॅग्नेटो

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे चार सिलिंडरांना आठ. त्यांतले चार प्लग एका मॅग्नेटोवर आणि चार दुसऱ्यावर. मॅग्नेटोत इंजिनाच्या गतीने फिरणारा कायमचा चुंबक असतो. तो स्वतःच वीज निर्माण करतो आणि प्लगला ठिणगी पुरवतो. बॅटरी उतरली, अल्टरनेटर गेला, मास्टर स्विच बंद केला, तरी इंजिन चालूच राहते, ते यामुळे.

त्याच्या स्विचचा न्याय मात्र घरातल्या दिव्याच्या उलट आहे. दिवा लावताना आपण वर्तुळ जोडतो. मॅग्नेटो बंद करताना जोडतो. चावी ‘ऑफ’वर गेली, की एक तार मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या धातूत उतरवते, म्हणजे अर्थ करते, आणि ठिणगी थांबते. या तारेला पी-लीड म्हणतात. ती तुटली किंवा सैल झाली, तर चावी ‘ऑफ’ दाखवेल, तुमच्या खिशातही असेल, पण मॅग्नेटो जिवंत राहील आणि कोणी प्रॉपेलर हाताने थोडा फिरवला, तर इंजिन धडकू शकेल. थांबलेल्या प्रॉपेलरजवळ नेहमी तो फिरणारच आहे अशा बेताने उभे राहायचे, असे इन्स्ट्रक्टर पहिल्या दिवसापासून बजावतात, त्याचे कारण हे आहे.

एक छोटी गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हँगरमध्ये एएमई (विमानाची देखभाल करणारे परवानाधारक अभियंते) सगळी खबरदारी घेऊन प्रॉपेलर सावकाश फिरवतात, तेव्हा आतून मधूनच ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. तो इम्पल्स कपलिंगचा असतो. इंजिन सावकाश फिरताना मॅग्नेटोची गती ठिणगीसाठी पुरत नाही, म्हणून आतला खटका त्याला क्षणभर अडवून धरतो, तोवर स्प्रिंग आवळली जाते आणि मग ती त्याला झटक्यात पुढे फिरवते. त्यामुळे ठिणगी जोरदारही होते आणि थोडी उशिराही पडते, जेणेकरून इंजिन उलटा झटका देत नाही. विद्यार्थ्याने हा आवाज दुरूनच ऐकावा, स्वतः प्रॉपेलर फिरवून नव्हे.

रन-अप

रन-अप म्हणजे उड्डाणाआधी जागेवर उभे राहून, इंजिनाची गती वाढवून केलेली तपासणी. मॅग्नेटो तपासणीसाठी जागा निवडताना विमानाचे नाक वाऱ्याकडे आणि पुढचे चाक सरळ असावे, खाली खडी नसावी आणि मागे दुसरे विमान, माणूस किंवा उघडे हँगर नसावे. ऑइलचे तापमान हिरव्या पट्ट्यात आलेले बरे. मिक्श्चर रिच करून थ्रॉटल सावकाश १७०० आर.पी.एम. वर न्या आणि एक नजर बाहेर ठेवा. मान डॅशबोर्डात खुपसून चावी फिरवणारे विद्यार्थी आणि त्यांच्या नकळत पुढे सरकणारे विमान हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे.

चावीचा क्रम ऑफ, आर, एल, बोथ, स्टार्ट असा असतो. म्हणजे ‘बोथ’पासून मागे एक टिचकी गेली, की डावा मॅग्नेटो आणि दोन टिचक्या गेल्या, की उजवा. आधी दोन टिचक्या मागे घेऊन ‘आर’वर या, आकडा स्थिरावेपर्यंत काही सेकंद थांबा, तो मनात नोंदवा, ‘बोथ’वर परत या आणि आर.पी.एम. पुन्हा १७०० होऊ द्या. मग एक टिचकी मागे ‘एल’ आणि पुन्हा ‘बोथ’. मध्ये ‘बोथ’वर थांबण्याचे कारण असे, की नुकतेच बंद असलेले प्लग पुन्हा साफ चालू लागतात आणि दुसरी तुलना पहिल्याइतकीच खरी होते. एका मॅग्नेटोवर उगाच रेंगाळूही नये; न जळणाऱ्या प्लगांवर काजळी धरते.

बोट घसरून चावी ‘ऑफ’वर गेली, तर हात आपोआप ती परत फिरवायला धावतो. त्याला आवरा. तेवढ्या क्षणात न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये गेलेले असते आणि ठिणगी परत येताच ते स्फोटासारखे पेटून मफलर फाडू शकते. थ्रॉटल मागे घ्या, मिक्श्चर कट-ऑफ करा, इंजिन थांबू द्या आणि नव्याने सुरू करा. थोडी लाज वाटेल, पण मफलर वाचेल.

१७२ एन साठी मर्यादा अशी आहे : कोणत्याही एका मॅग्नेटोवर आर.पी.एम. मधली घट १२५ पेक्षा जास्त नसावी आणि दोन्ही घटींमधला फरक ५० पेक्षा जास्त नसावा. १५२ लाही हेच आकडे लागू आहेत. १७२ एस ला १८०० वर तपासतात, घट १५० पर्यंत चालते आणि फरक तोच ५०. यातली दुसरी अट विद्यार्थी विसरतात. समजा, उजव्यावर काटा १६४० वर आला आणि डाव्यावर १५८० वर. घट ६० आणि १२०. दोन्ही १२५ च्या आत. तरीही हे विमान पास नाही, कारण फरक ६० चा आहे.

मुळात घट होतेच का? दोन प्लग असताना ज्योत सिलिंडरच्या दोन बाजूंनी पसरत एकमेकींना भेटते. एकच प्लग राहिला, की तिला सगळा पल्ला एकटीने गाठावा लागतो, जळण्याला वेळ जास्त लागतो आणि पिस्टनवरचा जोर थोडा ओसरतो. म्हणून थोडी घट हे तब्येत ठीक असल्याचे लक्षण आहे. घट अजिबात झाली नाही, तर आनंद मानू नका. बहुधा पी-लीड तुटली आहे आणि तुम्ही बंद केलेला मॅग्नेटो बंद झालेलाच नाही, किंवा त्याचे टायमिंग बिघडले आहे. दोन्ही परिस्थितींत विमान परत न्यायचे.

घट मोठी असेल, तर आकड्याआधी आवाज ऐका. इंजिन खडखडत, थरथरत घसरले, तर एखादा प्लग नीट जळत नाही. ते मुलायमपणे, पण जास्त घसरले, तर मिश्रण फार रिच किंवा फार लीन आहे किंवा टायमिंग मागे पडले आहे. पहिल्या प्रकारात थ्रॉटल १८०० ते २००० च्या दरम्यान नेऊन मिक्श्चर इतके लीन करा, की आर.पी.एम. आधी किंचित वाढून मग पडायला लागतील. तेथे अर्धा-एक मिनिट ठेवा, प्लग तापतात आणि कचरा जळून जातो. मग मिक्श्चर रिच करून पुन्हा तपासा. दोनदा करूनही सुधारणा झाली नाही, तर एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) परत जाऊन स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायचा. वर गेल्यावर साफ होईल, हा हिशोब करायचा नाही.

मुलायम पण मोठी घट म्हणजे काय, ते मी स्वतः विद्यार्थी असताना शिकलो. विदर्भातल्या थंडीतली सकाळ होती, इंजिन लागेना म्हणून मी प्रायमरचे सहा स्ट्रोक मारले होते आणि शेवटी ते लागल्याच्या आनंदात पुढच्या कामाला लागलो होतो. टॅक्सी करताना इंजिन मंद गतीवर लंगडत होते. ते थंडीमुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. रन-अपला दोन्ही मॅग्नेटो १५० च्या खाली-वर घसरले. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “सर, मॅग्नेटो गेलेत.” सर काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, प्रायमरची मूठ दोन बोटांत धरली आणि ती अलगद बाहेर आली. कुलूप लागलेलेच नव्हते. चालू इंजिनाची ओढ त्या उघड्या प्रायमरमधून सतत जादा पेट्रोल खेचत होती आणि मिश्रण दाट करत होती. त्यांनी मूठ दाबून फिरवली, इंजिन थोडा वेळ साफ होऊ दिले आणि मला पुन्हा तपासायला लावले. घट ७० आणि ८० भरली. दोन्ही मॅग्नेटो एकाच वेळी, एकाच मापाने बिघडणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, तेव्हा दोन्हींना समान असलेल्या गोष्टीकडे आधी बघावे, एवढेच ते नंतर म्हणाले.

कार्ब हीट मॅग्नेटोच्या आधी तपासा किंवा नंतर, तुमच्या चेकलिस्टचा क्रम पाळा. पण मॅग्नेटो पाहताना ती पूर्ण बंद असली पाहिजे. गरम हवा विरळ असते, तिने मिश्रण रिच होते आणि घटीचे आकडे फसवे येतात. शिवाय ती हवा गाळणीतून येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात धुळीच्या टॅक्सीवेवर कार्ब हीट जास्त वेळ उघडी ठेवणे म्हणजे सिलिंडरात वाळू घालणे. पावसाळ्यात मात्र तिच्याकडे जास्त लक्ष द्या. हवा दमट असेल, तर तापमान विशी-तिशीत असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, हे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना पटत नाही.

दोन्ही घटींचे आकडे लॉगबुकाशेजारच्या एखाद्या वहीत, विमानाच्या नोंदणी अक्षरांसह लिहून ठेवा. एका सकाळचा ११० हा आकडा काही सांगत नाही. त्याच विमानाचे गेले महिनाभर ६०, ६५, ७० आणि आज ११० असतील, तर उड्डाणाआधी एएमईंना विचारावेसे वाटलेच पाहिजे.

बंद करताना

उतरून जागेवर आल्यावर, इंजिन बंद करण्यापूर्वी बऱ्याच क्लबांत आणखी एक छोटी तपासणी करतात. तुमच्याकडे ती पद्धत असेल, तर इन्स्ट्रक्टरसमोर शिकून घ्या. थ्रॉटल पूर्ण मागे, इंजिन आयडलवर असताना चावी ‘बोथ’वरून ‘ऑफ’वर नेऊन लगेच परत आणायची. इंजिन क्षणभर श्वास सोडल्यासारखे पडले, तर दोन्ही पी-लीड शाबूत आहेत. ते काहीच न झाल्यासारखे चालत राहिले, तर एक मॅग्नेटो अर्थ होत नाही. तशी खूणपाटी प्रॉपेलरला बांधून, स्नॅग लिहून, जवळच्या सगळ्यांना सांगूनच तेथून निघायचे.

इंजिन नेहमी मिक्श्चर ओढून बंद करायचे, चावीने नाही, म्हणजे सिलिंडरांत जळण्याजोगे पेट्रोल उरत नाही. प्रॉपेलर थांबला, की मॅग्नेटो ऑफ, मास्टर ऑफ. मग चावी काढून डॅशबोर्डाच्या वरच्या कडेवर, काचेला लागून ठेवा, म्हणजे समोर प्रॉपेलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती तेथूनच दिसते.